तरवड : माळाचे फूल, बांधाचे झुडूप
(प्रस्तावना)

या पुस्तिकेचा विषय तरवड आहे. हे झाड कोणी लावत नाही, कोणी राखत नाही आणि शेळीसुद्धा त्याला सहसा तोंड लावत नाही. घटस्थापना जवळ आली की मात्र त्याच्याच फुलांसाठी पोराटोरांना बांधावर पिटाळले जाते. कोल्हार परिसरात फुलझाडांच्या लागवडीवर काही लिहायचे तर गुलाब, शेवंती, झेंडू किंवा पॉलिहाऊसमधला जरबेरा यांच्यावर लिहावे, त्याला गिऱ्हाईक आहे, असा सल्ला कोणीही देईल. तो सल्ला व्यवहाराला धरून आहे. तरवडाला बाजारभाव नाही, आणि नवरात्रात नगरच्या बाजारात त्याच्या फुलांचे वाटे लागले तरी त्यावर कोणाचा संसार चालत नाही. तरीही या झुडपाची नीट ओळख करून द्यावी आणि ते मुद्दाम लावावे असे या पुस्तिकेत म्हटले आहे. ते का, हे सांगण्यासाठी ही पाने.

आधी जागा समजून घेऊ. प्रवरा सह्याद्रीत रतनगडाच्या बाजूला उगम पावते, भंडारदऱ्याला अडते, अकोले-संगमनेर करत कोल्हारला येते आणि पुढे नेवासे तालुक्यात प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. नदीच्या एका काठाला कोल्हार बुद्रुक आणि भगवतीपूर, पलीकडे कोल्हार खुर्द. पूल ओलांडला की तालुका बदलतो, राहात्याचा राहुरी होतो. नगर-मनमाड रस्त्याने जाणाऱ्याला इथे दोन्ही बाजूंना ऊस, मका, लसूणघास आणि गाईंचे गोठे दिसतात, आणि हा मुलूख पूर्वीपासून असाच हिरवा असणार असा त्याचा समज होतो. तो खरा नाही. हा पर्जन्यछायेतला प्रदेश आहे. पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. हिरवेपणा आला तो पाटाच्या पाण्याने. भंडारदऱ्याचे धरण, म्हणजे विल्सन डॅम, 1926 साली पुरे झाले. प्रवरेच्या दोन्ही अंगांचे कॅनॉल वाहू लागले आणि ऊस आला. 1950-51 च्या हंगामात विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने लोणीजवळ सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि मग या भागाचे चित्र कायमचे पालटले. त्या पालटाबद्दल तक्रार करण्याचा अधिकार, ज्याच्या आजोबांनी दुष्काळात खडी फोडली नाही, त्याला नाही. पण पाटाच्या वर, जिथे पाणी चढले नाही तिथे, आणि पाटाच्या खालीही बांधावर, ओढ्याच्या कडेला, गायरानात, मसणवट्यात, कॅनॉलच्या भरावावर जुना मुलूख तुकड्या-तुकड्यांनी शिल्लक राहिला. त्या तुकड्यांत तरवड आहे.

त्या जुन्या मुलखाला आपण माळ म्हणतो आणि सरकारी कागद पडीक म्हणतो. देशातल्या पडीक जमिनींचे जे नकाशासंग्रह निघतात त्यांत गवताळ माळ आणि विरळ झुडपांची जमीन यांची गणना पडीकातच होते. जिथे झाड नाही ती जागा उजाड, हा समज इंग्रजी अमदानीतल्या जंगलखात्याने रुजवला आणि आपण तो इमानाने पुढे चालवला. म्हणून माळ दिसला की तिथे खड्डे खणून गिरिपुष्प नाहीतर सुबाभूळ लावायची आणि फोटो काढायचा, हे आपले वृक्षारोपण. वास्तविक दख्खनचे माळ ही स्वतंत्र, जुनी परिसंस्था आहे. भारतातल्या गवताळ प्रदेशांची पद्धतशीर विभागणी दबडघाव आणि शंकरनारायण यांनी 1973 साली केली, तेव्हा दख्खनच्या माळाला त्यांनी त्यातल्या गवतांवरूनच नाव दिले. पवन्या आणि मारवेल ही ती गवते. त्यांच्या जोडीला कुसळी. पावसाळ्यात या गवतांच्या बुडाशी विष्णुक्रांतेची निळी टिकली, केना, कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे, आणि गवताच्या वर डोके काढून उभा तरवड. याच माळावर काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल आणि एके काळी माळढोक. कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांसाठी 1980 साली अभयारण्य झाले, ते जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे. माळढोकाचे अभयारण्य त्याच्या आदल्या वर्षी सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून जाहीर झाले, ते साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे होते. पुढे ते आक्रसून सव्वाबाराशेवर आले, आणि पक्षी तर जवळजवळ दिसेनासाच झाला. कागदावर मोठे अभयारण्य असण्यापेक्षा बांधावर थोडा माळ असलेला बरा, असे कधी कधी वाटते.

तरवडाची थोरवी सांगताना एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. माळावर तरवड दाट झाला म्हणजे माळ सुदृढ आहे असे नाही. उलटही असू शकते. जनावरे चांगले गवत खाऊन टाकतात आणि तरवड सोडून देतात, त्यामुळे अतिचराई झालेल्या गायरानात तरवडच तेवढा उरतो. धनगरांना हे चांगले माहीत असते. नुसता तरवड दिसला की तिथे मेंढरांना काही मिळणार नाही, हे ते लांबूनच ओळखतात. तेव्हा तरवड लावा याचा अर्थ माळभर तरवड करा असा नाही. गवतात चार-दोन झुडपे, बांधाला एक ओळ, शाळेच्या कुंपणाला एक रांग, एवढे त्याचे प्रमाण. गवत हवेच. हिवरे बाजार या गावाने चराईबंदी करून माळावरचे गवत राखले आणि कापून नेऊ दिले, तेव्हा आधी परतले ते गवत. फुले त्याच्या मागून येतात.

आता ओळख. हा या पुस्तिकेतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि वाचकाने लागवडीच्या पानांवर घाईने उडी मारू नये अशी विनंती आहे. पिवळी फुले आणि चिंचेसारखी संयुक्त पाने दिसली की आपण तरवड म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात रस्त्याकडेला तशी निदान अर्धा डझन झाडे आहेत. पावसाळ्यात उकिरड्यावर माजतो तो टाकळा, त्यालाच तरोटा म्हणतात. त्याच्या पानाला पर्णिकांच्या तीनच जोड्या असतात आणि शेंग बारीक, लांब, कोयत्यासारखी वाकलेली. कासविंद्याच्या पर्णिका चार-पाच जोड्या, टोकदार, आणि पान चुरगाळले तर नको असा वास. रस्त्याकडेला सावलीसाठी लावलेला कॅशिया वृक्षच होतो. घंटाफुलाची फुलेही पिवळी, पण त्याच्या पाकळ्या जोडून घंटा झालेली असते, ते कूळच वेगळे. या सगळ्यांत फसवा आहे तो टाकळ्याच्याच जातकुळीतला एक अमेरिकन पाहुणा. गुडघाभर उंचीचा, अंगभर लव असलेला, पावसाळ्यात उगवून हिवाळ्यात वाळून जाणारा. तो गाजरगवताला मागे सारतो म्हणून त्याचे बी मुद्दाम पसरवण्याचे प्रयोगही झाले. आता तो सोलापूर-नगरच्या रस्त्यांवर मैलोन्‌मैल आहे, आणि गाजरगवतही आहेच.

तरवड ओळखायचा तो फुलावरून नव्हे, पानाच्या बुडावरून. फांदी हातात घ्यावी आणि पानाचा देठ जिथे फांदीला चिकटतो ती जागा पाहावी. तिथे दोन्ही बाजूंना एकेक हिरवी, गोलसर, कानाच्या पाळीसारखी चकती दिसेल. ही उपपर्णे. बाकीच्या भाऊबंदांची उपपर्णे सुईसारखी बारीक असतात किंवा लवकर गळून पडतात. तरवडाची मात्र रुंद असतात आणि टिकतात. मग पान उलगडून पाहावे. पर्णिकांच्या साधारण आठ ते बारा जोड्या, आणि प्रत्येक जोडीच्या मध्ये, मधल्या देठावर, एक बारीकशी उभी काडी. ती ग्रंथी. टाकळ्यात अशा ग्रंथी फक्त खालच्या जोड्यांमध्ये असतात, कासविंद्यात एकच, देठाच्या तळाशी. त्या अमेरिकन पाहुण्यात मात्र सगळ्या जोड्यांमध्ये असतात, म्हणून केवळ ग्रंथीवर भिस्त ठेवू नये, आधी उपपर्ण पाहावे. फांदीची साल तपकिरी, दालचिनीच्या रंगाची, वर बारीक ठिपके. शेंग चपटी, कागदासारखी पातळ, तीन-चार इंच लांब आणि अर्धा इंच रुंद, दोन बियांमधला भाग चुण्या पडल्यासारखा दबलेला. एवढ्या चार खुणा जुळल्या की तो तरवड, मग फूल असो वा नसो.

फूल असेल तर मात्र थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. गावातल्या शिक्षकांनी मुलांना इथेच आणावे. दीड-दोन इंच रुंद, पाच पाकळ्या, सगळ्या सारख्या नाहीत, कडेला चुणीदार, आत गडद शिरा. मध्ये दहा पुंकेसर, पण ते दहाही एका कामाचे नाहीत. वरचे तीन अगदी खुजे, निकामी. मधले आखूड, त्यांचे पराग मधमाश्यांना खाण्यासाठी. खालचे लांब आणि बाकदार, त्यांचे पराग माशीच्या पाठीपोटाला लागून पुढच्या फुलावर जाण्यासाठी. फुलात मध नाही. म्हणून मधासाठी येणारे कीटक इथे फार रेंगाळत नाहीत. येतो तो मोठा काळा भुंगा, घरातल्या लाकडी वाशांना भोके पाडणारा. तो परागकोश पायांनी घट्ट धरतो आणि अंग थरथरवतो. परागकोशाला कुठे फट नसते, टोकाला फक्त बारीक छिद्र असते, त्यातून त्या थरथरीने पराग फवाऱ्यासारखे बाहेर पडतात. उडताना त्याचा जो आवाज असतो तो फुलावर बसताच बदलतो, एकदम उंच आणि तुटक होतो. सकाळी आठ-नऊच्या सुमारास फुललेल्या तरवडाजवळ उभे राहिले तर हा बदल डोळे मिटूनही ओळखू येतो. टोमॅटो आणि वांग्याची फुलेही याच पद्धतीने हलवून घेतात. म्हणजे बांधावर तरवड असला तर हा भुंगा शेतात येतो, याचा हिशेब भाजी पिकवणाऱ्याने करावा. पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर औषध मारू नये. त्या फिकट पिवळ्या-पोपटी फुलपाखरांच्या अळ्या असतात, त्या टाकळा-तरवडाच्या कुळावरच वाढतात आणि शेजारच्या उसाकडे वळूनही पाहत नाहीत.

हे सगळे बारकावे कोणी आधी टिपले? तरवडाला शास्त्रीय नाव 1753 साली लिनीअसने दिले, आणि पुढे रॉक्सबर्गने त्याला आजच्या प्रजातीत आणले. रॉक्सबर्ग कलकत्त्याच्या बागेचा अधिकारी, त्याने ही झाडे मुळावर उभी असलेली पाहिली होती. तरीही शंभर-दीडशे वर्षे बहुतेकांनी तरवडाला बहाव्याच्याच प्रजातीत ठेवले. 1982 साली आयर्विन आणि बार्नबी या अमेरिकन अभ्यासकांनी त्या मोठ्या प्रजातीची फोड केली तेव्हा कुठे रॉक्सबर्गचे म्हणणे मान्य झाले. आपल्याकडे थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात काढला. हे गृहस्थ पेशाने पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजचे प्राचार्य होते. आजही माळावरची एखादी वनस्पती अडली की अभ्यासक कुक उघडतात. नगर जिल्ह्याची स्वतंत्र वनस्पतिसूची प्रधान आणि सिंग यांनी केली, ती 1999 साली निघाली. आपल्या जिल्ह्यात काय उगवते याची यादी ग्रंथात आहे, ग्रंथ ग्रंथालयात आहे, आणि जिल्ह्यातल्या किती शाळांत तो पोचला हा प्रश्न न विचारलेला बरा. या पुस्तिकेचा खटाटोप त्यासाठीच आहे.

तरवडाचे आणि माणसाचे नाते जुने आहे. त्याच्या सालीत टॅनिन भरपूर. कातडे कमावण्यासाठी बाभळीची साल, हिरडा आणि तरवडाची साल ही आपल्याकडची सामग्री. मद्रास इलाख्यातले कातडीचे कारखाने तर बराच काळ तरवडाच्या सालीवर चालत. पुढे दक्षिण आफ्रिकेतून वॅटलची साल येऊ लागली आणि मग रसायने आली, तेव्हा तरवडाच्या झुडपांना जरा श्वास मिळाला. विहिरीवर मोट होती त्या काळी कमावलेल्या कातड्याशिवाय बागायत नव्हती, हे आजच्या ठिबकवाल्या पिढीला सांगायला हवे. कोवळी काडी दातवणाला, पाला शेतात गाडायला. पाल्याचे खत होते हे खरे, पण तरवड शेंगाकुळातला म्हणजे त्याच्या मुळांवर नत्राच्या गाठी असणार, असे जे सर्रास सांगितले जाते ते बरोबर नाही. या प्रजातीच्या मुळांवर तशा गाठी सहसा होत नाहीत. तूर-हरभऱ्याचा गुण आडनावावरून तरवडाला चिकटवू नये. औषधी उपयोगांबद्दल ही पुस्तिका जवळजवळ मौन पाळते, आणि ते योग्यच आहे. मधुमेहावर तरवडाच्या फुलांचा काढा घ्या असे सांगणारे जागोजागी भेटतात. ज्याची साखर वाढली आहे त्याने डॉक्टर गाठावा.

नवरात्राचे मात्र सविस्तर सांगितले पाहिजे. कोल्हार भगवतीपुरात भगवतीदेवीचे देऊळ आहे, आणि नवरात्र म्हणजे इथे घरोघर घट. पत्रावळीवर माती, तीत धान्य, वर घट आणि घटावर रोज एक माळ. विड्याच्या पानांची, कारळाच्या फुलांची, तिळाच्या फुलांची, तरवडाची. जुन्या बायका या माळांना फार धरून असत आणि त्यामागे ऋतूचे भान होते. आश्विनात माळावर आणि शेतात जे फुलते तेच घटावर चढायचे. आता चारी दिशांना झेंडूच झेंडू. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, आपल्या दसऱ्यात तो इतका रुळला की त्याला परका म्हणवत नाही, पण त्याने तरवडाची जागा घेतली हे खरे. शेजारच्या तेलंगणात याच दिवसांत, भाद्रपदी अमावास्येपासून, बतकम्मा मांडतात. फुलांचे थरावर थर रचून शिखर करायचे आणि भोवती बायकांनी फेर धरायचा. त्या थरांत मुख्य फुले दोन, तंगेडू आणि गुनुगू. तंगेडू म्हणजे आपला तरवड, गुनुगू म्हणजे आपला कुर्डू. एकच दख्खनचा माळ, एकच आश्विन, दोन भाषांतल्या बायका तीच दोन फुले वेचतात. 2014 साली तेलंगणाचे राज्य झाले आणि त्यांनी तंगेडूला राज्यफुलाचा मान दिला. आपले राज्यफूल ताम्हण. सुंदर आहे, कोण नाही म्हणतो? पण ते कोकणातल्या आणि सह्याद्रीतल्या ओढ्याकाठचे. दख्खनच्या माळाला महाराष्ट्राच्या मानचिन्हांत जागा मिळालेली नाही.

माळावरची फुले मुद्दाम लावायची ही कल्पना काहींना परदेशी वाटेल. एका अर्थी ती आहेही. अमेरिकेत मिसिसिपीच्या खोऱ्यातले अफाट गवताळ प्रदेश शंभर वर्षांत नांगराखाली गेले. मग 1930 च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठाने एका जुन्या शेतावर गवते आणि रानफुले परत रुजवायला घेतली. अल्डो लिओपोल्ड हे त्या खटाटोपातले एक नाव. माळ पुन्हा उभा करण्याचा जगातला हा सर्वांत जुना प्रयोग समजतात, आणि तो माळ आजही राखला जातो. तिथे शिकलेली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. तिथल्या अनेक रानफुलांच्या बिया नुसत्या पेरल्या तर उगवत नाहीत, त्यांना ओली थंडी सोसावी लागते, म्हणून लोक बिया ओल्या वाळूत घालून दोन-तीन महिने फ्रीजमध्ये ठेवतात. इंटरनेटवर हा सल्ला वाचून आपल्याकडेही कोणी तरवडाच्या बिया फ्रीजमध्ये ठेवू लागले तर काही उपयोग नाही. आपल्या माळावर हिमवर्षाव नाही, वैशाख आहे. प्रत्येक मुलखाच्या बीला तिथल्या ऋतूचे कुलूप असते आणि किल्लीही तिथलीच लागते.

तरवडाच्या बीचे कुलूप म्हणजे तिची साल. टणक, पाणी आत न शिरू देणारी. ती फोडल्याशिवाय बी वर्ष-वर्ष मातीत तशीच पडून राहते, आणि हेच तिचे दुष्काळातले शहाणपण. एका पावसात सगळ्या बिया उगवल्या आणि पुढे आठवडे पाऊस दडला तर वंश संपला. म्हणून थोड्या या वर्षी, थोड्या पुढच्या. लावणाऱ्याला मात्र तेवढा धीर नसतो. त्याने बी काचपेपरवर हलके घासावी, गर दिसेपर्यंत नाही, फक्त तुकतुकी जाईपर्यंत. बिया जास्त असतील तर पाण्याला उकळी आणून भांडे चुलीवरून उतरवावे आणि मग त्यात बिया टाकून रात्रभर तसेच निवू द्यावे. उकळत ठेवू नये, नाहीतर बियांची उसळ होईल. सकाळी ज्या बिया फुगलेल्या दिसतील त्या लगेच पेराव्यात. ज्या फुगल्या नाहीत त्यांना पुन्हा तोच उपचार. बारीक भोक पडलेल्या बिया आधीच काढून टाकाव्यात, त्यांत किड्याने आपले घर केलेले असते.

पेरणी शक्यतो जागेवरच करावी. तरवडाचे सोटमूळ फार लवकर खोल जाते, ते पिशवीच्या बुडाशी गुंडाळले गेले की झाड पुढे कायम किरटे राहते. पिशवीतच करायचे असेल तर उंच पिशवी घ्यावी आणि पहिल्या चांगल्या पावसात रोप वीतभर असतानाच लावून टाकावे. बी अर्ध्या इंचापेक्षा खोल नको. दोन झुडपांत चार-पाच फूट अंतर. मुरमाड, बरड, चुनखडीची जमीन चालते, काळ्या जमिनीतही येते, पाणी तुंबत नसेल तर. आणि ऊन पूर्ण हवे.

इथून पुढे बागाईतदार वाचकाला अवघड जाते. कोल्हारचा शेतकरी पाणी देण्यात कसूर करणारा नव्हे. रोप दिसले की ठिबकची नळी, महिन्याला युरियाची मूठ, वर शेणखत, हा त्याचा स्वभाव. तरवडाला यातले काही लागत नाही. पहिल्या उन्हाळ्यात अगदीच मान टाकली तर पंधरवड्यातून एकदा तांब्याभर पाणी, एवढेच. खतावर वाढलेला तरवड पानांनी मातून जातो, फांद्या लांब आणि लेच्यापेच्या होतात आणि फुले कमी येतात. शिवाय खतावर त्याच्याआधी तण माजते आणि बुडाचे गवत मागे पडते. पुस्तिकेत एक वाक्य आहे, ते मला सर्वांत पटले. झाडाची काळजी घेण्यापेक्षा जागेची घ्या. म्हणजे बांध जाळू नका, बांधावर तणनाशक मारू नका, जेसीबीने बांध साफ करून घेताना ते पाच-सहा झुडपांचे टोक सोडा. हे सांगायला सोपे आहे. एकेका वाफ्याच्या रुंदीसाठी भावाभावांत कोर्टकचेऱ्या झालेल्या मुलखात बांधाची एक हात जमीन फुलांसाठी सोडा म्हणणे धाडसाचे आहे, हे लिहिणाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणून त्यांनी सुरुवात शाळेचे कुंपण, मंदिराचे आवार, ग्रामपंचायतीची मोकळी जागा आणि कॅनॉलची कड यांपासून केली आहे.

बहुधा दुसऱ्या पावसाळ्यानंतर फूल धरते. मुख्य बहर पावसाळा ओसरताना, पण बरे झुडूप वर्षात पुन्हा पुन्हा तुरळक फुलते. शेंगा गळल्यावर फांद्या हातभर छाटल्या तर झुडूप बुडापासून दाट फुटते, कुंपणाला हेच हवे असते. दहा वर्षांच्या झुडपाला कोणाचीच गरज उरत नाही.

एक इशारा. तरवड लावायचा म्हणून माळावरचा उभा तरवड उपटून आणू नका. एक तर तो जगत नाही, सोटमूळ तुटलेले असते. दुसरे, माळ आधीच थोडा उरला आहे. रोपवाटिकेतून घेणार असाल तर देठाजवळची ती कानासारखी उपपर्णे पाहूनच घ्या, कारण पिवळ्या फुलांच्या कॅशियाच्या शोभेच्या जाती तरवड म्हणून खपवल्या जातात. आणि दूरच्या राज्यातले बी मागवण्यापेक्षा आपल्या शिवारातले बी घ्यावे. इथल्या पावसाच्या दडीला सरावलेल्या झुडपाचे ते असते.

या पुस्तिकेत उणिवा नाहीत असे नाही. विष्णुक्रांता आणि कुर्डू यांच्यावर दोन-दोनच पाने आहेत, गवतांवर आणखी हवे होते, आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ इतके जवळ असताना तिथल्या चारापिकांच्या जाणकारांकडून मारवेलवर एखादे प्रकरण घेता आले असते. पुढच्या आवृत्तीत ते व्हावे. तोवर आहे ते वापरण्याजोगे आहे, आणि हातात धरून बांधावर उभे राहून वाचण्याजोगे आहे. टेबलावर वाचून तरवड कळत नाही.

वाचकाला एवढेच सांगतो. पौष-माघात शेंगा तपकिरी होऊन खुळखुळू लागतात. एका झुडपावरच्या शेंगांतल्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घेऊ नका, बाकीच्या जागेवरच गळू द्या. घेतलेल्या सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवा, पाकिटावर गावाचे आणि बांधाचे नाव लिहा, आणि जूनच्या पहिल्या पावसाच्या आदल्या रात्री गरम पाण्यात टाका.